उन्हाळीच्या औषधाची कहाणी

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, सहलीची हकिगत आणि एखादे थोरामोठ्यांचे चरित्र येते. यंदा संपादिकाबाईंनी मला 'काहीतरी इतिहासावर लिहा' असा आग्रह केला. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. परंतु त्याच सुमारास माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि लढायांपेक्षा निराळाच इतिहास शोधण्याची बुद्धी मला झाली.

आमच्या घरी फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात उरलेली औषधे ठेवण्याची माझी सवय. मागे मला उन्हाळी लागली होती, तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत जळजळ थांबली, आणि 'उगीच कशाला पोटात औषध घाला' म्हणून उरलेल्या मी डब्यात टाकल्या. पुढे शेजारची सून तीच तक्रार घेऊन आली. सासऱ्यांसमोर डॉक्टरांचे नाव काढायची तिला लाज वाटत होती. मी मोठ्या मायेने डबा उघडला व उरलेल्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. चार दिवसांनी तिला हुडहुडी भरून ताप आला, कमरेत कळा येऊ लागल्या आणि शेवटी तिला दवाखान्यात दाखल करावे लागले. ती बरी झाली, हे देवाचे उपकार. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एवढेच विचारले, 'आजी, या गोळ्या कुणी दिल्या?' तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. त्या गोळ्यांचा मी जो मागोवा घेतला, तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

लघवीला जळजळ होणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, थेंब थेंब होणे, ओटीपोटात दुखणे, या दुखण्याला आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो. चैत्र-वैशाखात पाणी कमी पडते, घाम फार जातो आणि लघवी गढूळ व दाट होते, म्हणून हे नाव रुळले असावे. आयुर्वेदात यालाच मूत्रकृच्छ्र म्हटले आहे, आणि चरक व सुश्रुत या दोघांच्याही संहितांत त्याचे स्वतंत्र विवेचन आहे. आपल्या आज्या-पणज्या धन्याजिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, आणि आपल्या किनाऱ्यावर तर शहाळ्याचे पाणी देत असत. त्यात तथ्य होते. पोटात पाणी भरपूर गेले की मूत्रमार्ग धुऊन निघतो, व सौम्य दुखणे कधीकधी तेवढ्यानेच बसते. तथापि दुखण्याचे मूळ उन्हात नव्हे, जंतूंत आहे, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८८५ साली थिओडोर एशरिश या डॉक्टरने तान्ह्या मुलांच्या शौचातून एक सूक्ष्म जंतू वेगळा काढला. पुढे त्याच्याच नावावरून त्याला 'ई. कोलाय' हे नाव मिळाले. हा जंतू आपल्या सर्वांच्या आतड्यांत असतो आणि तिथे तो बहुधा काही अपाय करीत नाही. पण तोच मूत्रमार्गात शिरला की उन्हाळी होते. मूत्रमार्गाच्या बहुसंख्य दुखण्यांत हाच गुन्हेगार सापडतो. बायकांनाच हा त्रास अधिक का, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो, तर स्त्रियांचा अवघा ४ सेंटिमीटर, आणि त्याचे तोंड गुदद्वाराच्या जवळ. जंतूला वाट थोडी चालावी लागते, इतकेच. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणे होते. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही, व कुणाच्या चारित्र्याशी तर त्याचा मुळीच संबंध नाही, हे मी प्रथमच सांगून टाकते.

जंतू सापडला, पण त्याला मारणारे औषध लगेच सापडले नाही. त्या शतकाच्या अखेरीस हेक्झामिन नावाचे औषध आले. आंबट झालेल्या लघवीत त्यातून जंतुनाशक द्रव्य सुटे. त्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती सोडा, सायट्रेट आणि विश्रांतीचा सल्ला एवढेच असे.

खरी क्रांती झाली ती १९३५ साली. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाच्या तांबड्या रंगाचे जंतूंवरील गुण जगापुढे मांडले. त्याच वर्षी त्यांच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसून विष चढले, हात कापण्याची वेळ आली, तेव्हा बापाने हेच औषध देऊन तिला वाचविले. त्या रंगातूनच सल्फा औषधांचे घराणे निघाले. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, लंडनच्या क्वीन शार्लट प्रसूतिगृहात लिओनार्ड कोलब्रुक यांनी सूतिकाज्वर झालेल्या बाळंतिणींवर ते वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. बाळंतपणानंतरच्या तापाने किती घरांतल्या लेकीसुना गेल्या, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. आपल्या मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेतही साहिब सिंग सोखी यांच्या कारकीर्दीत प्लेगवर सल्फा औषधांचे प्रयोग झाले. ही औषधे मूत्रावाटे बाहेर पडत, म्हणून उन्हाळीवरही त्यांचा चांगला गुण येई.

यानंतर आले पेनिसिलीन. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीचा गुण दिसला, हे आपण शाळेत शिकलो. पण बुरशीतून औषध तयार करण्याचे कष्ट ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व हीटली यांनी घेतले. युद्धाचे दिवस, भांडी मिळेनात. म्हणून सुरुवातीला रुग्णालयातल्या शौचपात्रांत बुरशी वाढविली गेली. पुढे खास मातीची भांडी करून घेतली, आणि ती सांभाळण्याच्या कामावर सहा मुली नेमल्या. 'पेनिसिलीन गर्ल्स' म्हणून त्या ओळखल्या गेल्या. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पहिले औषध टोचले. त्याला उतार पडू लागला, पण औषध इतके थोडे की ते पुरेना. ते लघवीवाटे लवकर बाहेर जाते हे ठाऊक होते, म्हणून रुग्णाची लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत नेत, तिच्यातून औषध परत काढीत आणि त्यालाच पुन्हा टोचीत. तरीही साठा संपला आणि १५ मार्चला तो बिचारा गेला. ज्या औषधाचा थेंब थेंब लघवीतून वेचला, त्याच्या जातीच्या गोळ्या आज आपण डब्यात टाकून विसरतो!

आणि यातली नवलाची गोष्ट अशी की पहिल्या रोग्याला औषध टोचण्याच्या आधीच, डिसेंबर १९४० मध्ये, चेन व त्यांचे सहकारी अब्राहम यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. पेनिसिलिनाचा नाश करणारे एक द्रव्य काही जंतू स्वतःच तयार करतात, असे त्यांना आढळले. ते कोणत्या जंतूत आढळले? आपल्या उन्हाळीच्या ई. कोलायमध्ये! म्हणजे माणसाने तलवार उपसण्याआधीच शत्रूच्या घरी ढाल तयार होती. साध्या पेनिसिलिनाचा उन्हाळीवर फारसा उपयोग होत नाही, त्याचे एक कारण हेच.

आता १९४५ साल घ्या. आपल्या मुलुखाच्या इतिहासात हे साल सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे. त्या वर्षी मे महिन्यात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील आणि आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी वारली बांधव एकत्र जमले, आणि गोदावरीबाई व शामराव परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठबिगारीला 'नाही' म्हटले. त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आणि त्याच १९४५ च्या डिसेंबरात, ११ तारखेला, दूर स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंगसाहेबांनी व्याख्यान दिले.

त्या व्याख्यानात त्यांनी एका कल्पित गृहस्थाची गोष्ट सांगितली. या गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच्या मनाने पेनिसिलीन घेतो, पण अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि औषध दिले तरी आता गुण येत नाही. ती मरते. दुकानात ज्याला त्याला हे औषध मिळू लागेल त्या दिवसाचा धोका त्यांनी तेव्हाच ओळखला होता. भगिनींनो, चूक नवऱ्याची आणि जीव गेला बायकोचा, ही गोष्ट मी वाचली तेव्हा माझा बिस्किटांचा डबा डोळ्यांपुढे उभा राहिला.

आपल्या देशात पेनिसिलीन परदेशातून येई व महाग पडे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व १९५५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. पिंपरीच्या त्या कारखान्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटे, आणि तो रास्तच होता.

उन्हाळीपुरते बोलायचे, तर तिची खास औषधे त्याच सुमारास येऊ लागली. १९५३ साली नायट्रोफ्युरँटॉइन आले. १९६२ साली नॅलिडिक्सिक ॲसिड आले. हिवतापावरचे क्लोरोक्विन बनविताना जे निराळे द्रव्य हाती लागले, त्यातूनच हे औषध निघाले. हिवताप आपल्या जंगलपट्टीचा जुना वैरी. त्याच्या औषधाच्या पोटी उन्हाळीचे औषध जन्मले, हा योगायोगच म्हणायचा. १९६८ च्या सुमारास सल्फाला ट्रायमेथोप्रिमची जोड मिळाली. १९६९ साली स्पेनमध्ये फॉस्फोमायसिन सापडले. पुढे १९८० नंतर नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही नॅलिडिक्सिकची नातवंडे आली, आणि मग मात्र सर्वांचे भान सुटले. उन्हाळी झाली, द्या. जुलाब झाले, द्या. नुसती कणकण आली, द्या. गोळ्या सुट्या मिळत, दोन-दोन, चार-चार. मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे परवडत नाही, तिथे दुकानातून दोन गोळ्या नेणे सोपे वाटे. गरिबाचा यात दोष कमी, आपल्या सर्वांच्या बेफिकिरीचा अधिक.

परिणाम काय झाला? जपानमध्ये १९५९ साली अकिबा व ओचिआई या संशोधकांनी दाखविले की औषधाला दाद न देण्याचा गुण एक जंतू दुसऱ्या जंतूला देऊ शकतो, अगदी आतड्यातल्या आतड्यात, निराळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. आपण कुंपणापलीकडच्या शेजारणीला लोणच्याची कृती सांगतो, तसेच हे. म्हणून सर्दीखोकल्याला विनाकारण घेतलेली गोळी पोटातल्या ई. कोलायला शिकवून जाते, आणि तोच शहाणा झालेला जंतू पुढे उन्हाळी होऊन येतो. आज भारतात सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची औषधे ई. कोलायवर अनेकदा फुकट जातात. ही एकट्या उन्हाळीची गोष्ट नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केला.

मौज अशी की नवी औषधे बोथट झाली आणि अडगळीत पडलेले १९५३ चे नायट्रोफ्युरँटॉइन पुन्हा कामी आले. ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते व मुख्यत्वे लघवीतच उतरते, म्हणून ते अजून टिकून आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शनात साध्या उन्हाळीसाठी त्याला आणि एका मात्रेच्या फॉस्फोमायसिनला स्थान आहे. फार काय, जुन्या हेक्झामिनचाही उद्धार झाला. वारंवार उन्हाळी लागणाऱ्या स्त्रियांत ते रोजच्या प्रतिजैविकाच्या तोडीस तोड ठरल्याचा ब्रिटनमधील अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. जुने ते सोने म्हणतात ते असे. परंतु मी ही नावे इतिहास म्हणून दिली आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी म्हणून नव्हे. नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या दुखण्यावर चालत नाही. बाळंतपणाचे दिवस भरत आले असता, मूत्रपिंडे दुबळी असता, किंवा रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता असता ते देत नाहीत. शेजारच्या सुनेचा आजार मूत्रपिंडाकडे सरकत होता, हे माझ्या डब्याला कुठून कळणार?

कायदाही या इतिहासात आहे. आपली औषध नियमावलीही १९४५ सालचीच. तिच्या 'एच' अनुसूचीतील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' ही आणखी कडक अनुसूची लागू झाली. त्यातील प्रभावी प्रतिजैविकांसाठी दुकानदाराला डॉक्टरचे व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१६ पासून स्ट्रिपवरची तांबडी उभी रेघ ओळखा, अशी मोहीम सरकारने काढली. अक्षरओळख नसली तरी तांबडी रेघ कुणालाही दिसते. अशी स्ट्रिप मनाने घेऊ नये, एवढे प्रत्येकीने लक्षात ठेवावे.

पण नुसत्या कायद्याने भागत नाही, कारण या दुखण्याचे दुसरे मूळ आपल्या मौनात आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रात तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाची काही ना काही व्याधी होती, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ व्याधी होत्या, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात अवघ्या ८. बाई दुखणे सांगत नाही, म्हणून ते नाही असे जगाने धरून चालावे, हा अन्याय त्या आकड्यांनी उघडा केला.

आणि तिसरे मूळ आपण जिथे कामाला, शाळेला जातो तिथे. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटकडून येणारी लोकल डहाणू रोडपर्यंत आली, आपल्या मुलींना नोकरीची वाट मोकळी झाली. पण लोकलच्या डब्यात शौचालय नसते, म्हणून कितीतरी जणी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. वीटभट्टीवर, चिकूच्या वाडीत, भाताच्या लावणीला जाणाऱ्या बायकांची गत तीच. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' या नावाने स्त्रियांनी मोहीम सुरू केली, तिचा रोख हाच होता. पाणी न पिणे आणि लघवी तुंबवणे, दोन्हींनी जंतूला मूत्राशयात वाढायला सवड मिळते. तेव्हा बाजारात, बसस्थानकावर, शाळेत स्वच्छ व दाराला कडी असलेले शौचालय मागणे हीसुद्धा औषधाची बचतच आहे.

आपल्या डहाणूत आता आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन व बाल आरोग्य संस्थेशी जोडलेले ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे. ज्या मुलुखाला पूर्वी औषध मिळणेच मुष्किलीचे होते, तिथे आज योग्य औषध कोणते याचा विचार करता येतो, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

शेवटी, त्या डॉक्टरीणबाईंकडून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. जळजळ झाली की पाणी वाढवावे आणि आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जाऊन लघवी दाखवावी. जळजळीबरोबर अंगावरून जात असेल किंवा खाज असेल, तर ते दुखणे निराळे असू शकते आणि त्याचे औषधही निराळे. ताप, हुडहुडी, कमरेत किंवा कुशीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भार बाईची लघवी तक्रार नसली तरी तपासावी, कारण तिला न कळत जंतू वाढले तर तिला व बाळाला दोघांनाही धोका असतो. इतर निरोगी बायकांच्या लघवीत नुसते जंतू दिसले आणि त्रास काही नसला, तर बहुधा औषध लागत नाही. दुखणे परत परत येत असेल तर औषध सुरू करण्यापूर्वी कल्चरची तपासणी करावी. मधल्या धारेची लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन लगेच पोचवावी. दोन-तीन दिवसांत कोणता जंतू आहे आणि कोणते औषध त्याला लागू पडेल, ते कळते.

आणि गोळ्या? डॉक्टरांनी सांगितल्या तितक्याच, तितकेच दिवस. फ्लेमिंगसाहेबांना कमी औषधाची भीती होती. आज शास्त्र सांगते की गरजेपेक्षा जास्त दिवस घेणेही जंतूंना शिकवतेच. म्हणून तीन दिवस सांगितले तर तीन, पाच सांगितले तर पाच. शेजारणीला वाटी भर साखर द्यावी, विरजण द्यावे, पण गोळी देऊ नये.

माझा डबा आता रिकामा आहे. त्यात मी बटणे आणि सुया ठेवल्या आहेत. शेजारची सून परवा पुन्हा आली होती. या खेपेला तिने मला गोळ्या मागितल्या नाहीत. 'आजी, माझ्याबरोबर दवाखान्यात येता का?' एवढेच म्हणाली. मी चप्पल पायात घातली आणि निघाले. आपल्या मंडळातल्या प्रत्येकीने एकेका भगिनीसोबत अशी एकदा चप्पल घालावी, हीच या वर्धापनदिनी माझी विनंती.